चूक संग्रहालयाची

माझं अक्षर चांगलं आहे ही गोष्ट मी आयुष्यात एकदाच चुकीच्या माणसासमोर बोलले, आणि पुढची सहा वर्षं माझा एकही रविवार माझा राहिला नाही.

सापगावच्या आमच्या शाळेची सहल किन्हवलीला नेली होती. तिथं एका बंद पडलेल्या भातगिरणीत कुणीतरी जुन्या वस्तू मांडल्यात आणि त्या फुकट बघायला मिळतात, असं आमच्या हेडबाईंच्या कानावर आलं होतं. फुकट म्हटलं की आमच्या हेडबाई एसटीच्याही आधी निघतात. चाळीस पोरं घेऊन आम्ही पोचलो तर दारात खाकी सदऱ्यातला, काटकुळा, सत्तरीकडे झुकलेला एक माणूस. गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. प्रत्येक पोराच्या हातात त्यांनी कागदाचा एक चिटोरा दिला, टकटक करून त्याला भोक पाडलं आणि पाठीवर हात ठेवून एकेकाला आत ढकललं. "पुढं सरका, पुढं सरका. दारात गर्दी करू नका. जात्यापाशी जागा हाय."

आत वस्तू चांगल्या होत्या, पण प्रत्येकीखालची चिठ्ठी म्हणजे कोंबडीनं पाय पुसल्यासारखी. मी सहज म्हटलं, "माझं अक्षर बरं आहे, दोन-चार लिहून देऊ का?" त्यांनी चिमटा पिशवीत टाकला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "रविवारच्या काय करता?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शिकवलं त्यांनी कुणालाच नव्हतं. एसटीतले ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतात आणि हे तीस वर्षं कंडक्टर होते. शहापूर, किन्हवली, मुरबाड आणि त्यांच्या मधली, पाटीवर नाव नसलेली सगळी गावं. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, पण 'मास्तर' तेवढं चिकटून राहिलं. मी डी.एड. करून, परीक्षा देऊन मास्तरीण झालेली, पण आमच्या भागात मास्तर कुठं राहतात असं विचारलं तर लोक त्यांचाच पत्ता सांगायचे. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता माझी बदली लांब झाली आहे आणि इथं मला सगळे मॅडम म्हणतात, तेव्हा कळतं की मास्तर म्हणवून घ्यायला काय लागतं.

संग्रहालय हा शब्द ते सरकारी कागदापुरता वापरायचे. एरवी डेपो. नवीन वस्तू आली की "गाडी लागली". दुरुस्तीला काढली की "वर्कशॉपला हाय". आणि वस्तूला वस्तू म्हणून कधी हाक मारायची नाही, तिच्या मालकाच्या नावानं मारायची. मी पहिल्याच रविवारी गेले तर हे दारात चिंताग्रस्त बसलेले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "सोनूबाबाला वाळवी लागली." मी पिशवी तिथंच टाकली. आत जाऊन बघते तर सोनूबाबा म्हणजे नांगर. आणखी एकदा तालुक्याहून आलेल्या साहेबांसमोर ते मला म्हणाले, "बाई, रखमामावशीला जरा उन्हात टाका, फार दमट झालीय." साहेब चहाचा कप तसाच ठेवून उभे राहिले. मी सूप उचलून बाहेर नेईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग परत आला नाही.

ही सगळी वस्तुसंपदा त्यांनी एसटीतूनच गोळा केली होती. बाजाराच्या दिवशी माणसं घरातली अडगळ घेऊन मुरबाडच्या भंगारवाल्याकडे निघायची. मास्तर तिकीट द्यायला आले की नजर आधी माणसाच्या मांडीवरच्या गोणपाटावर. एकदा एका म्हाताऱ्याकडे धान्य मापायची लाकडी पायली होती, कडेला पितळेची पट्टी. भंगारात देणार आणि त्या पैशात जेवणाचा डबा घेणार, असं तो म्हणाला. मास्तरांनी स्वतःचा स्टीलचा डबा तिथल्या तिथे रिकामा केला, भाकरी रुमालात बांधली आणि डबा म्हाताऱ्याला देऊन पायली उतरवून घेतली. त्यानंतर वर्षभर ते रुमालातलीच भाकरी खात होते, कारण काकूंनी दुसरा डबा द्यायला साफ नकार दिला होता. काकू म्हणजे त्यांची बायको. मला पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलं, "बाई, तुमी शिकलेल्या दिसता. यांच्या नादी कशाला लागलात? माझं आयुष्य गेलं गो, आता तुमचं नको जायला." आणि मग माझ्या हातात चहा दिला आणि स्वतः पदर खोचून कणगी झाडायला बसल्या.

मास्तरांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. बघायला आलेल्याला ते प्रत्येक वस्तूपाशी उभं करायचे आणि ती कुणाची, कुठल्या गावची, कुठल्या पावसात तिचं काय झालं, सगळं ऐकवायचे. मध्येच कुणी घड्याळ पाहिलं तर म्हणायचे, "शेवटचा माणूस चढल्याबिगर घंटी मारत नाय मी." एक पोरगा मोटारसायकलवरून आला होता, हातात भारी मोबाईल. त्यानं भराभर फोटो काढले आणि म्हणाला, "काका, एवढी जागा अडवायची कशाला? फोटो काढून ठेवा, झालं. कायम राहतील." मास्तरांनी त्याला जात्यापाशी नेलं आणि वरचा दगड दाखवून म्हणाले, "उचल." पोरानं हात घातला, कंबर लावली, दगड जागचा हलेना. मास्तर म्हणाले, "हा दगड एक बाई रोज पहाटं फिरवायची, पोर पाठीला बांधून. तुझ्या फोटोत वजन येतं काय रे?" पोरगा खजील होऊन हसला. पुढच्या महिन्यात तो आपल्या आजीचा पाटा घेऊन आला.

आता मुखवट्याचं सांगते, कारण मास्तर म्हटलं की मला आधी तेच आठवतं.

आमच्याकडे बोहाडा असतो. चैत्र-वैशाखात शेतं रिकामी झाली की गावात संबळ वाजतो आणि एकेक देव, एकेक राक्षस मुखवटा चढवून नाचत येतो. कुठलं सोंग कुठल्या घरानं आणायचं हे ठरलेलं असतं. गणपतीचा मान एका घराचा, मारुतीचा दुसऱ्याचा. मुखवटाही त्याच घरात राहतो, बापाकडून मुलाकडे जातो. सगळ्यात शेवटी, उजाडता उजाडता, देवी येते. मुरबाडपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथं ज्या घराकडे देवीचा मान होता, त्या घरातला कर्ता माणूस वारला. मुलगा मुरबाडला कंपनीत लागला. बाकीच्या घरांतलीही तरणी पोरं कामाधंद्याला पांगली आणि बोहाडा बंद पडला. त्यातच जुनं घर उतरवून तिथं घरकुल बांधायला काढलं. मुखवट्याला जागा उरली नाही.

मास्तरांना हे कळल्यावर ते तिथं चार वेळा गेले. त्या घरच्या बाईंना आम्ही मावशी म्हणायचो. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. तीन वेळा त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. चौथ्या वेळी मीही बरोबर होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "न्या. पण बोहाडा परत उभा राहिला तर मी मागायला येईन. तवा द्यायचा." मास्तर लगेच हो म्हणाले. त्या घाईत ते काहीही कबूल झाले असते. बंद पडलेली गोष्ट परत सुरू होते असं त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा सगळा डेपोच बंद पडलेल्या गोष्टींवर उभा होता.

मुखवटा मात्र देखणा होता. पांगाऱ्याच्या लाकडाचा, उचलला तर हलका. पिवळ्या-तांबड्या चेहऱ्यावर मोठे डोळे, खालचा ओठ किंचित झिजलेला. आतली बाजू चार पिढ्यांच्या घामानं काळीकुट्ट. मास्तरांनी तो समोरच्याच भिंतीवर लावला. कुणी हात जोडले तर म्हणायचे, "पाया पडायचं तर देवळात जा, हितं बघायचं." सकाळी दार उघडल्यावर आपण एकटे आहोत असं वाटलं की स्वतः मात्र हळूच वाकायचे. मी दोनदा पाहिलं आणि दोनदाही न पाहिल्यासारखं केलं.

त्या मुखवट्यामुळे डेपोचं नाव झालं. मुंबईहून एक जाणते गृहस्थ आले, तासभर त्याच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "तुमच्या संग्रहालयाची रीतसर नोंदणी होऊ शकते, हे गळकं छप्परही बदलून मिळू शकतं. पण मुख्य वस्तू कायमची संग्रहालयाची असली पाहिजे. उसन्या वस्तूवर संग्रहालय उभं राहत नाही." मुखवटा कायमचा दिला असं त्या घरानं लिहून द्यावं, एवढंच हवं होतं. मास्तरांनी तो कागद आणून ठेवला. पण मावशींकडे जाऊन तो पुढे करायचं धाडस त्यांना होईना. दर पावसाळ्यात आम्ही बादल्या लावायचो आणि ते त्या कागदाकडे बघायचे.

आणि ध्यानीमनी नसताना एका फाल्गुनात मावशी दारात उभ्या. बरोबर मुलगा. गावातली पोरं एकत्र आली होती, बोहाडा परत करायचं ठरलं होतं. मुलगा लाजत म्हणाला, "देवी मी नाचणार, मास्तर. लहानपणी बाबांना बघितलंय."

मास्तरांनी चक्क नाही म्हटलं. एकदा संग्रहालयात आलेली वस्तू बाहेर जात नाही, लाकूड जुनं झालंय, तडा गेला तर कोण भरून देणार, असं बरंच बोलले. मावशी ऐकत उभ्या होत्या. मला राहवेना. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही शब्द दिला होता. मी होते तिथं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, चला, सुटले आपले रविवार. मग ते गुपचूप स्टुलावर चढले आणि मुखवटा उतरवला. देताना नियम सांगितले अकरा. पाणी लावू नका, जमिनीवर ठेवू नका, टेंभ्याजवळ नेऊ नका, आणखी काय काय. मुलानं मान डोलावून सगळे ऐकले.

बोहाड्याला आम्ही दोघं गेलो होतो. पूर्वेकडे फटफटलं आणि देवी आली. संबळाचा ठेका बदलला, माणसं उठून उभी राहिली, बायकांनी पोरांना कडेवर घेतलं. तो मुलगा जो काल कंपनीच्या टी-शर्टात होता, तो कुठं दिसेना. भिंतीवर चार वर्षं पाहिलेला तो चेहरा हलत होता, वळत होता, माणसांकडे बघत होता. शेजारी मास्तर पुटपुटत होते, "हळू, हळू रे, हनुवटी सांभाळ."

पाचव्या दिवशी, रविवारीच, गावातली चार जाणती माणसं मुखवटा घेऊन डेपोत आली. बरोबर नारळ, हळदकुंकू. त्यांनी सांगितलं, मुलाचं तोंड सुजलं होतं. डोळे मिटून गेले होते, कपाळावर आणि गालांवर फोड, त्यातून पाणी गळत होतं. मुरबाडच्या डॉक्टरनं औषध दिलं, पण कशानं झालं ते सांगता येईना.

"फोड कसे हायत?" मास्तरांनी विचारलं.

"बिब्बा उतल्यावानी," त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला. "पण पोरगं कंपनीत असतं. बिब्ब्याचं झाड वर्षभरात बघितलं नाय त्यानं. देवीच कोपली. इतकी वर्षं हितं राहिली, तिला आता घरी यायचं नाय. आमी ठरवलंय, ती कायमची तुमच्याकडंच राहू दे. कागद पायजे असंल तर मावशी सही देईल. बोहाड्यातलं देवीचं सोंग आमी बंद केलं."

म्हणजे बघा, मुखवटा कायमचा, कागदावर सही, वर नोंदणी आणि छप्पर. सगळं आपल्या पायांनी चालत दारात आलं होतं. मी मास्तरांकडे पाहिलं तर माणूस राखेसारखा झाला होता.

ती माणसं गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. आदल्या हिवाळ्यात मुखवट्यामागच्या भिंतीवर त्यांना वाळवीची रेघ दिसली. जीव घाबरा झाला. रानातून बिब्बे आणले, तेल काढलं आणि मुखवट्याला आतून दोन हात दिले. बिब्ब्याचा चीक लाकडाला मानवतो, जुने लोक घराच्या वाशांना लावत, वाळवी फिरकत नाही. कातडीला लागला तर मात्र भाजल्यासारखे फोड येतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, मास्तरांना माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या मनात ती भिंतीवरची वस्तू होती. तिच्या आत कुणाचं तोंड जाईल हे लावताना डोक्यात आलं नाही, आणि देताना अकरा नियमांत बारावा आठवला नाही. काळ्यावर काळं, दिसलंही नाही कुणाला.

आता मी काय म्हटलं ते सांगते. लपवून काय करायचंय. मी म्हटलं, "मास्तर, गप्प बसा. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगा आठ-दहा दिवसांत बरा होईल. त्यांनी स्वतःहून दिलाय मुखवटा, तुम्ही मागितला नाही. इथं तो जपला तरी जाईल."

ते उठून पायलीपाशी गेले. मग म्हणाले, "बाई, लोकं मला घरात घेतात, माळ्यावर चढू देतात, का? मी सांगतो ते खरं असतं म्हणून. पोराचं तोंड मी जाळलं आणि नाव देवीचं घेऊ? मग उद्या ही पायली कुणाची, हा नांगर कुणाचा, हे मी सांगणार ते तरी कशावरून खरं? एक खोटं टांगलं की हे सगळं सरपण झालं."

मला माझी लाज वाटली. अजूनही वाटते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि आम्ही पहिल्या गाडीनं मुरबाडला, तिथून जीपनं गावात गेलो. देवळासमोर माणसं जमली. मुलगाही आला होता, डोक्यावरून टॉवेल घेऊन. मास्तर उभे राहिले. तीस वर्षं गर्दीत ओरडून तिकिटं फाडलेला माणूस, पण त्या दिवशी हळू बोलले. तरी सगळं बोलले. वाळवी, बिब्बा, दोन हात. म्हणाले, "देवी कोपली नाय. चूक माझी हाय. तुमचं सोंग बंद करू नका."

एकानं आवाज चढवला, आमचं पोरगं आंधळं झालं असतं तर, असं काहीबाही. मास्तर मान खाली घालून उभे. मावशींनी त्याला हातानं गप्प केलं आणि मास्तरांना म्हणाल्या, "आता त्याला कोण तोंड लावंल? भ्या बसलं सगळ्यांना."

"मी लावीन," मास्तर म्हणाले. "बिब्बा मी लावला, मीच काढीन. निघाला का नाय ते माझ्या तोंडावर बघा. मग घेऊन जा. तुमचा हाय, तुमच्या घरी राहील."

पुढचे आठ-नऊ महिने मी जे पाहिलं ते कुणाला सांगितलं तर पटत नाही. काचेच्या तुकड्यानं ते आतला थर तसूतसू खरवडायचे. राख लावायचे, चिंचेचा कोळ लावायचे, खोबरेल चोळून पुसायचे. आठ दिवस वाळवायचे. आणि मग शनिवारी दुपारी तासभर मुखवटा तोंडाला बांधून डेपोच्या दारात बसायचे. सोमवार-मंगळवारपर्यंत गालावर फोड. पुन्हा खरवडायला सुरुवात. काकू गालाला खोबरेल लावताना कडाकडा बोलायच्या, "या वयात तोंड काळं करून घेतलंत. लोकं मला विचारतात, नवऱ्याला काय मारता काय?" पण लावायच्या हातानं अगदी हळू. बघायला येणाऱ्यांना मास्तर तसेच फोड आलेल्या तोंडानं सगळा डेपो फिरवून दाखवायचे.

आणि एका रविवारी त्यांनी मला नवीन चिठ्ठी लिहायला बसवलं. मुखवट्याच्या जागी लावायला. सांगितलं, "लिहा. देवीचा मुखवटा. मालक, मावशीचं घर. संग्रहालयानं न सांगता आतून बिब्बा लावला. नाचणाऱ्याला इजा झाली. चूक संग्रहालयाची." मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "मास्तर, असं कुठल्या संग्रहालयात लिहितात? ते मुंबईचे गृहस्थ परत आले तर?" ते म्हणाले, "मोठ्या अक्षरात लिहा. त्यांना लांबचं दिसत नाय." लिहिली मी. माझ्या हातची सगळ्यात सुरेख चिठ्ठी तीच असेल. ते गृहस्थ खरंच परत आले, त्यांनी ती दोनदा वाचली, आणि नोंदणीचा विषय पुन्हा निघाला नाही. छप्पर अजून तेच आहे.

पौषात एकदा सलग तीन शनिवार गेले, फोड आला नाही. मास्तरांनी कुणावर विसंबायचं नाही म्हणून चौथ्या शनिवारी दोन तास बसून पाहिलं. मग मुखवटा धुवट कापडात गुंडाळला आणि स्वतः नेऊन दिला. त्यांच्या उजव्या गालावर एक काळा डाग कायमचा राहिला.

वैशाखात बोहाडा झाला. देवीची वेळ आली तेव्हा मास्तर पुढे झाले, म्हणाले, आधी मी सगळ्यांसमोर घालून दाखवतो. मुलानं त्यांच्या गालाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बघितलंय मास्तर. द्या इकडं." आणि चढवला. त्या वर्षी मास्तर हनुवटीकडे बघत नव्हते. डोळे पुसत होते आणि काकूंना म्हणत होते की टेंभ्याचा धूर फार आहे.

मला वाटलं, इथं संपलं. भिंतीवर तेवढी चिठ्ठी राहिली होती आणि तिच्यावर रिकामा खिळा. मास्तर आलेल्यांना तीही वाचून दाखवायचे.

जूनच्या सुरुवातीला, आभाळ भरून यायला लागलं तसं, मावशी एकट्याच डेपोत आल्या. डोक्यावर गाठोडं. खाली ठेवलं, सोडलं, आत मुखवटा.

मास्तर दोन पावलं मागे सरले. "नको मावशी. माझ्याकडं नको. मी त्या लायकीचा नाय."

"तुमी सांगितलं नसतंत तर आमाला कळलं असतं काय?" मावशी म्हणाल्या. "जल्मभर देवीला भीत राहिलो असतो. घरकुलाला पावसात ओल येती, वर टांगायला जागा नाय. तुमच्याकडं ठेवा. बोहाड्याला येऊन नेईन. दरसाल असंच करू. दुसऱ्या कुणाकडं ठेवायचा मला धीर नाय."

मास्तरांनी मुखवटा हातात घेतला. उलटा करून आत पाहिलं. मग अगदी चाचरत म्हणाले, "ठेवतो. पण वाळवीचं भ्या वाटतं ओ. आता काय लावू याला?"

"काय लावायचंय?" मावशी म्हणाल्या. "दर अमावास्येला उतरवायचा, तिळाच्या तेलाचा बोट बोट हात फिरवायचा. कापडात निरगुडीचा पाला घालायचा, वाळला की बदलायचा. माझी सासू तसंच करायची, तिची सासू पण. एक किडा लागला नाय कधी."

मास्तरांनी मुखवटा पुन्हा सुलटा केला.

"मग मावशी, हे तवाच का नाय सांगितलंत? मी चार वेळा आलो होतो तुमच्याकडं."

"तुमी इचारलं कुठं?" मावशी म्हणाल्या. रागानं नाही, जे होतं ते.

मास्तरांनी मुखवटा मांडीवर घेतला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. मला म्हणाले, "बाई, कागद घ्या." आणि मावशींना म्हणाले, "आता इचारतो. पयल्यापासून सांगा."